पोरगी म्हणते, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत आमचे एक सहकारी डबा न उघडताच आमच्या टेबलाशी येऊन बसले. माणूस युनियनचा. मोर्चा असो, धरणे असो, हे सर्वांच्या पुढे. त्यांचे वडील आपल्याच समाजातले. ५६ सालच्या दीक्षेनंतर घरातले देव नदीत सोडून आलेले. हे मात्र कॉलेजात असतानाच लाल बावट्याकडे वळले आणि धर्म म्हणून जे जे काही असेल ते त्यांनी उंबऱ्याबाहेर ठेवले. घरात सत्यनारायण नाही, तशी बुद्धवंदनाही नाही. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, पण त्यापुढे मेणबत्ती लागत नाही. अशा घरातली सोळा वर्षांची, अकरावीत शिकणारी मुलगी आदल्या रात्री जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, मला कॅथलिक व्हायचंय."

"भाऊ, तुम्ही समाजाचं काम करता. तुम्हीच सांगा, आता काय करू? आज सकाळपासून तिच्याशी बोललेलो नाही," ते म्हणाले.

आम्ही पहिला प्रश्न काय विचारला असेल? "कोणी मुलगा-बिलगा आहे का मध्ये?" लिहायला लाज वाटते, पण विचारला खरा. ते म्हणाले, "तिच्या आईनंही हेच विचारलं. पोरगी रडली. म्हणाली, तुम्हाला वाटतं मला स्वतःचं डोकंच नाही."

मुलगा वगैरे काही नव्हता. वसईकडची एक वर्गमैत्रीण होती. तिची आजी दोन महिने अंथरुणाला खिळलेली. आमच्या मित्राची मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला जायची, तेव्हा रोज संध्याकाळी शेजारपाजारची माणसे येऊन खाटेभोवती बसत, मराठीतूनच प्रार्थना म्हणत, चहा घेऊन जात, असे तिने पाहिले. आजी गेली त्या दिवशीही ती तिथेच होती. तेव्हापासून ती मैत्रिणीबरोबर रविवारी मिस्सेला जाऊन मागच्या बाकावर बसू लागली. सहा महिने. घरी कोणालाच पत्ता नव्हता.

हे ऐकताना आम्हाला डोरोथी डे या अमेरिकन बाईची आठवण झाली. तिचे आत्मचरित्र आम्हाला बऱ्याच वर्षांपूर्वी पदपथावरच्या पुस्तकवाल्याकडे मिळाले होते, आणि कामगारांसाठी वर्तमानपत्र काढणारी बाई एवढ्याच कुतूहलाने आम्ही ते घेतले होते. ज्या घरात देवाधर्माचे नाव निघत नाही, तिथल्या मुलीला धर्माची ओढ का लागते आणि पुढे काय होते, हे तिच्या आयुष्यात जितके उघड दिसते तितके क्वचितच कुठे दिसेल. म्हणून वाचकांना ती हकिकत जरा विस्ताराने सांगतो.

डोरोथीचा जन्म ८ नोव्हेंबर १८९७ रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. वडील वर्तमानपत्रात घोड्यांच्या शर्यतींविषयी लिहीत. नावाला कुटुंब ख्रिस्ती, पण चर्चला कोणी जात नसे. पुढे ते कॅलिफोर्नियात ओकलंडला राहायला गेले. १८ एप्रिल १९०६ रोजी समोरच्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठा भूकंप झाला, शहराला आग लागली आणि बेघर झालेली माणसे होड्यांतून खाडी ओलांडून ओकलंडला येऊ लागली. डोरोथीची आई आणि शेजारणी दिवसभर रांधून त्यांना वाढत होत्या, घरातले कपडे काढून देत होत्या. आठ वर्षांच्या पोरीने हे पाहिले. संकटात माणसे एकमेकांवर इतकी माया करतात, मग एरवी का करत नाहीत, हा प्रश्न तिच्या मनात तेव्हा शिरला तो पुन्हा निघालाच नाही.

भूकंपात वडिलांचे वर्तमानपत्र गेले, नोकरी गेली. कुटुंब शिकागोला आले आणि एका दारूच्या गुत्त्याच्या वरच्या खोल्यांत राहिले. इथे शेजारी कॅथलिक होते, कष्टकरी माणसे. एके दिवशी डोरोथी मैत्रिणीला बोलवायला तिच्या घरी गेली, तर मैत्रिणीची आई भांडी आवरून पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करीत बसलेली. बाईने मान वळवून, मुले कुठे गेलीत ते सांगितले आणि पुन्हा प्रार्थनेत गढली. बस, इतकेच. कोणी उपदेश केला नाही, कोणी पत्रक दिले नाही. पण त्या बाईविषयी दाटून आलेला जिव्हाळा डोरोथीला आयुष्यभर आठवत राहिला. आमच्या मित्राच्या मुलीने पाहिलेली ती खाट आणि हा पलंग यांत आम्हाला फार अंतर दिसत नाही.

तेराव्या-चौदाव्या वर्षी तिने शिकागोतच बाप्तिस्मा घेतला, पण तो एपिस्कोपल म्हणजे प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये. तिथले धर्मगुरू तिच्या भावांना गायनवृंदासाठी मागायला घरी आले होते. भावांच्या मागोमाग ही गेली. आईवडिलांनी अडवले नाही. त्याच सुमारास तिच्या हाती अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांतील मजुरांवरची १९०६ सालची कादंबरी पडली. मग ती तान्ह्या भावाची बाबागाडी ढकलीत मुद्दाम बागेऐवजी मजुरांच्या वस्तीतून फिरू लागली. वर्णन वाचले ते खरे आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला. या वयाच्या मुलामुलींचे असेच असते. एका हातात प्रार्थनेचे पुस्तक आणि दुसऱ्या हातात क्रांतीचे. मोठ्या माणसांना त्यात विसंगती दिसते, त्यांना दिसत नाही.

१९१४ साली, सतरावे पुरे व्हायच्या आत, ती शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात गेली आणि तिथे तिने धर्म सोडला. धर्म हा दुबळ्यांचा आधार आहे, आपल्याला त्याची गरज नाही, असे तिने ठरवले. तिला दुसरीही एक गोष्ट खटकत होती. संतांनी आजाऱ्यांची, गुलामांची सेवा केली हे ठीक. पण गुलामगिरीच नाहीशी करायला निघालेले संत कुठे आहेत? वाचकहो, हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. आपले आजे-पणजे हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारीत होते.

पुढे काही काळ ती समाजवादी वर्तमानपत्रांत बातमीदार होती. पहिली नोकरी आठवड्याला ५ डॉलरवर. १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी वॉशिंग्टनला निदर्शने करताना तिला तीस दिवसांची शिक्षा झाली. तुरुंगात बायकांनी उपोषण केले. त्या कोठडीत तिने बायबल मागून घेतले आणि वाचले. पण आपण हरल्यामुळे देवाकडे वळतो आहोत असे वाटून तिला स्वतःचीच चीड आली. न्यूयॉर्कला रात्रभर लेखक मित्रांच्या बैठकीत बसून पहाटे ती एकटीच सहाव्या रस्त्यावरच्या सेंट जोसेफ चर्चमध्ये मागे जाऊन बसे. फॅक्टरीत जाणारी माणसे कामाच्या आधी तिथे येत. आपल्या आधी ही माणसे कुठेतरी पोहोचली आहेत, असे तिला वाटे. पण कॅथलिक होण्याचा विचार अजून कितीतरी दूर होता.

शेवटी तो आला मुलीच्या जन्माने. १९२६ च्या मार्चमध्ये तिला मुलगी झाली. नाव तमार. डोरोथी तेव्हा फॉर्स्टर बॅटरहॅम नावाच्या गृहस्थाबरोबर समुद्रकाठच्या एका लहानशा घरात राहत होती. तो निसर्गाचा अभ्यासक, पण कट्टर नास्तिक, आणि लग्नसंस्थाही न मानणारा. मुलीला आपल्यासारखे चाचपडत जगावे लागू नये म्हणून डोरोथीने तिला कॅथलिक बाप्तिस्मा द्यायचे ठरवले. रस्त्यात भेटलेल्या एका वयस्कर सिस्टरला तिने विचारले. ही सिस्टर मग आठवड्यातून अनेकदा घरी येऊन डोरोथीलाच धर्माचे धडे देऊ लागली. पाठ झाले नाही तर रागवायची, घरात पसारा दिसला तरी रागवायची! जुलै १९२७ मध्ये तमारचा बाप्तिस्मा झाला. फॉर्स्टरला हे सहन होईना. तो पुनःपुन्हा घर सोडून जाई, परत येई. अखेर डिसेंबरमध्ये दोघे वेगळे झाले आणि २८ डिसेंबर १९२७ रोजी डोरोथीने स्वतः बाप्तिस्मा घेतला. तेव्हा ती तीस वर्षांची होती.

त्या दिवशी तिला आनंद झाला का? मुळीच नाही. तिने प्रांजळपणे लिहून ठेवले आहे की सारे विधी तिने कोरडेपणाने उरकले. चर्च धनवंतांच्या बाजूला आणि आपण कामगारांच्या. तेव्हा आपण आपल्या माणसांशी दगा तर करीत नाही ना, ही टोचणी तिला लागली होती. ज्याच्यावर प्रेम होते तो माणूसही गेला होता. धर्मांतर म्हणजे वाजतगाजत जाणे असे ज्यांना वाटते त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

पुढचे आता थोडक्यात. १९३२ च्या डिसेंबरमध्ये बेकारांच्या मोर्चाचे वृत्त द्यायला ती वॉशिंग्टनला गेली. मोर्चात तिचे जुने कम्युनिस्ट सोबती होते, तिचे चर्च नव्हते. ती परतली तेव्हा पीटर मॉरिन नावाचा एक फ्रेंच शेतकऱ्याचा मुलगा तिची वाट पाहत होता. दोघांनी १ मे १९३३ रोजी, कामगार दिनीच, न्यूयॉर्कच्या युनियन स्क्वेअरमध्ये 'कॅथलिक वर्कर' हे वर्तमानपत्र विकायला आणले. प्रती अडीच हजार, किंमत एक सेंट. काही वर्षांत खप लाखावर गेला. त्याबरोबर बेघरांसाठी आश्रयगृहे निघाली, सूपच्या रांगा लागल्या. आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅथलिक दफनभूमीत कबरी खणणाऱ्या मजुरांनी संप केला, कार्डिनल स्पेलमन यांनी धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांकडून कबरी खणवून तो मोडायला घेतला, तेव्हा ही बाई आपल्याच धर्मप्रमुखाविरुद्ध मजुरांच्या बाजूला उभी राहिली. चर्च सोडले नाही आणि संपही सोडला नाही. २९ नोव्हेंबर १९८० रोजी ती वारली. आता तेच चर्च तिला संत ठरवण्याची प्रक्रिया चालवीत आहे!

एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. ज्या तमारसाठी एवढे सारे झाले, तिने मोठेपणी चर्चला जाणे सोडून दिले. आईने स्वतः शोधून घेतलेला धर्म आईपाशी मरेपर्यंत टिकला. मुलीला पाळण्यात मिळालेला टिकला नाही. वंदनेला मुले येत नाहीत म्हणून तक्रार करणाऱ्या आपल्या विहारातल्या मंडळींनीही यावर थोडा विचार करायला हरकत नाही.

बरे, हे फक्त जुन्या काळचे आहे असेही नाही. फ्रान्समध्ये १९०५ पासून सरकार आणि धर्म कायद्याने वेगळे आहेत आणि कित्येक घरांतून धर्म निघून गेलेला आहे. तिथे २०२५ च्या ईस्टरला १०,३८४ प्रौढांनी आणि ११ ते १७ वयाच्या ७,४०० हून अधिक मुलामुलींनी कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. हे आकडे तिथल्या बिशपांच्या परिषदेनेच दिले आहेत. त्याआधीच्या वर्षी मुलांचा आकडा पाच हजारांच्या घरात होता.

हे सगळे आम्ही मित्राला सांगितले. ते म्हणाले, "तुमची गोष्ट चांगली आहे हो. पण उद्या फादर तिला पाण्यात बुडवून मोकळे होतील त्याचं काय?"

इथे माहितीअभावी आपल्याकडे बरेच गैरसमज आहेत. कॅथलिक चर्चचा १९८३ चा स्वतःचा कायदा आहे. त्याप्रमाणे सात वर्षांवरच्या, समजत्या वयाच्या माणसाला बाप्तिस्मा देताना प्रौढांचा नियम लागतो. म्हणजे त्याची स्वतःची इच्छा हवी, धर्माचे पुरेसे शिक्षण झालेले हवे आणि काही काळ त्याची पारख झालेली हवी. ज्याने चौदा वर्षे पुरी केली आहेत त्याचे प्रकरण बिशपकडे कळवायचे असते. सोबत एक धर्ममाता किंवा धर्मपिता लागतो, आणि त्याचेही वय सामान्यतः सोळा पूर्ण हवे. शिक्षणाचे टप्पे असतात, शेवटचा टप्पा ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत येतो, आणि बाप्तिस्मा बहुधा ईस्टरच्या आदल्या रात्री होतो. कोणालाही त्याच्या विवेकाविरुद्ध जबरदस्तीने कॅथलिक करता येणार नाही, असेही त्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहे. आमच्या मित्राने पुढे खरेच त्या चर्चमध्ये जाऊन चौकशी केली. फादर म्हणाले, "ती आली होती माझ्याकडे. मी तिला सांगितलं, आधी घरी आईबाबांना सांग. म्हणूनच तिने तुम्हाला सांगितलं." हे ऐकून गृहस्थ गप्पच झाले.

आपल्या देशाच्या कायद्याचे म्हणाल, तर घटनेचे २५ वे कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य देते. २८ व्या कलमात, सरकारमान्य शाळा-कॉलेजात कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही आणि मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते, असे म्हटले आहे. दुसऱ्याला धर्मांतरित करणे हा मूलभूत हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले. शिवाय ओडिशा (१९६७) आणि मध्य प्रदेश (१९६८) यांच्यापासून अनेक राज्यांनी धर्मांतराबाबत कायदे केलेले आहेत. म्हणून कागदोपत्री पाऊल टाकण्याआधी वकिलाला विचारलेले बरे.

पण आमच्या घरांसाठी खरा चटका दुसरीकडे आहे. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिलेले आहे. दाखला बापाच्या मताप्रमाणे निघत नाही, आजोबांच्या कागदावरून निघतो. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा आदेश आधी फक्त हिंदूंना लागू होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती झालेल्यांचा आजही नाही. २६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या एका प्रकरणात हेच पुन्हा ठामपणे सांगितले. कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केलेली एक बाई ख्रिस्ती धर्म पाळते, म्हणून तिला अनुसूचित जातीचा लाभ मिळणार नाही, असा तो निर्णय होता. आम्ही स्वतः राखीव जागेवर लागलेले कारकून आहोत. ते वाचताना हातातला चहा गार झाला. आमच्या मते हा अन्याय आहे. धर्म बदलला म्हणून वस्तीतली वागणूक काही बदलत नाही. पण अन्याय आहे म्हणून मुलीला तो माहीतच नसावा, हे त्याहून वाईट.

बाबासाहेबांनी १९३८ च्या सुरुवातीलाच सोलापूरला ख्रिस्ती बांधवांच्या सभेत हे बोलून दाखवले होते. महारांची मुले ख्रिस्ती झाली तर त्यांच्या शिष्यवृत्त्या जातात, आणि दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद चालतो, असे त्यांनी त्यांच्यासमोरच सांगितले. येशूविषयी अनादर म्हणून नव्हे. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी त्याच भाषणात ते आदराने बोलले होते. जातिभेदाची ती गोष्ट आजही इतिहासजमा झालेली नाही. तिरुचिरापल्लीला एका कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर यांच्यामध्ये भिंत आहे. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जात पाळली जाते हे स्वतःच कबूल केले. आणि २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले. दोन्ही बाजू सांगायला हव्यात.

आमच्या मित्राने आग्रह केला म्हणून एका रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. मुलगी आधी घुश्श्यातच होती. "काका, तुम्ही मला बौद्ध करायला आलात का?" तिने विचारले. आम्ही म्हटले, "नाही. तू मला सांग, तुला काय हवंय?" बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या घरी कोणी मेलं तर काय करतात ते मला माहीत नाही. आजोबा गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. पप्पांनी भाषण केलं. मग सगळे घरी गेले."

बापाने खाली पाहिले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने डोळे पुसले. अनेक वर्षे कामगारांना शोकसभेत बोलून धीर देणाऱ्या माणसाला आपल्याच पोरीला धीर द्यायचा राहिला हे कळायला एवढे दिवस लागले. आम्हीही काही बोललो नाही. आमच्या घरी तरी आम्ही मुलांना पुण्यानुमोदनाचा अर्थ कधी समजावून सांगितला आहे? भंतेजी येतात, गाथा म्हणतात, आपण भोजनदानाच्या धावपळीत असतो.

मग आम्ही तिला दाखल्याची गोष्ट सांगितली, त्या भिंतीची सांगितली आणि डोरोथीचीही. तिने वादही घातला. "म्हणजे सवलत जाऊ नये म्हणून मी खोटं जगायचं?" आमच्याकडे याला सरळ उत्तर नव्हते आणि तसे आम्ही कबूल केले. एवढेच म्हटले की बाबासाहेबांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपूरला दीक्षा घेतली; मधली एकवीस वर्षे ते वाचत होते, विचारीत होते, तपासून पाहत होते. तुला अठरा पुरी व्हायला दोनच वर्षे आहेत. तेवढ्यात बायबल वाच, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाच, पप्पांची लाल पुस्तकेही वाच. ती म्हणाली, "पप्पांची वाचलीत. त्यांनी विचारलंच नाही कधी."

निघताना तिने आमच्याकडून डोरोथीचे आत्मचरित्र मागून घेतले. अजून परत आलेले नाही. मागच्या महिन्यात मित्र सांगत होते की आता रविवारी ती मिस्सेला जाते तेव्हा तेही बरोबर जातात. आत जात नाहीत. चर्चच्या कंपाउंडबाहेर चहाची टपरी आहे, तिथे पेपर वाचत बसतात. "एकदा पाऊस आला म्हणून व्हरांड्यात उभा राहिलो," ते म्हणाले, "मराठीत चाललं होतं सगळं. बरंचसं समजलं." आणि येत्या पौर्णिमेला आपल्या विहारात वंदना किती वाजता असते, ती पोरीला एकदा ऐकवायची आहे, असे त्यांनी आम्हाला विचारले. आम्ही सात वाजता सांगितले आहे.